उत्कृष्ट संवाद आणि आमच्या घरातली शांतता

दौलताबाद,
रविवार, दुपार

आदरणीय चंपावहिनींस,

तुमचा धाकटा दीर साहेबराव याचा सप्रेम जयभीम. नानासाहेब दादांनाही सांगावा, आणि त्यांची साखर आता किती आहे तेही कळवावं. (मागच्या वेळी त्यांनी फोनवर "एकदम नॉर्मल" असं सांगितलं तेव्हा मागून तुमचा आवाज आला होता, की ती जिलबी आधी खाली ठेवा. तेव्हापासून त्यांच्या तोंडी रिपोर्टवर माझा विश्वास नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की नुसतीच बाटली उशाशी ठेवून झोपता? यंदा मक्याला सिल्लोडात भाव बरा लागला असं कळलं, समाधान वाटलं. इकडं सगळे खुशाल आहेत. आकाशची बजाजनगरला कंपनीत पहिली पाळी चालू आहे, सूनबाई रूपाली मजेत आहे, माझी तब्येत पेन्शनवाल्याची असावी तशी आहे. मनकर्णाही तब्येतीनं ठणठणीत आहे. फक्त बोलत नाही.

हे शेवटचं वाक्य तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल, म्हणून मीच पुन्हा लिहितो. मनकर्णा बोलत नाही. माझ्याशीच नाही असं नव्हे (तसं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, चार दिवस मजेत काढले असते), कुणाशीच बोलत नाही. तुम्ही म्हणाल, मग फोन का नाही केला? वहिनी, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुमच्या दारात कोण बसलेलं असेल याचा नेम नाही. शिवाय मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मला बोलता येतं. आमच्या घरात सध्या एवढी शांतता आहे, की मी फोनवर कुजबुजलो तरी स्वयंपाकघरात शब्द न् शब्द पोचेल. म्हणून ही कागदाची खटपट.

या सगळ्याला कारण तो सिनेमाचा पुरस्कार सोहळा. सुवर्णतोरण की काय नाव आहे, मुंबईत झाला, टीव्हीवर संध्याकाळी दाखवला. तुम्ही पाहिला नसेल, कारण तुमच्याकडं त्या वेळी मालिका लागते आणि रिमोट तुमच्या हातात असतो. आमच्याकडं मात्र अर्धी गल्ली जमली होती. कारण तुम्हाला माहीतच आहे, मागच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर ज्या सिनेमाचं शूटिंग झालं तो "सावलीचा सातबारा" बक्षिसांच्या शर्यतीत होता. रूपालीनं सतरंज्या अंथरल्या, मी चिवडा आणला, आणि मनकर्णा मधोमध खुर्चीवर बसली. सुरुवातीला ती बोलत होती, वहिनी. नेहमीसारखी, अखंड. आता त्या संध्याकाळची आठवण काढली की मला तिचं तेच बोलणं ऐकू येतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईच्या झग्याची शेपटी दोन माणसांनी उचलून धरली होती. मनकर्णानं विचारलं, हे धुतं कोण? मग सर्वोत्कृष्ट अभिनेता जाहीर झाला. ("तिकीट नसलेला माणूस" या सिनेमातला. त्यात तो आमच्यासारखा कंडक्टर झालाय. त्यानं घंटी एकदाच वाजवली आणि गाडी चालू झाली. वहिनी, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे आमच्या गाडीतल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक होतं. मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मला गप्प केलं. माझ्या मते हा पुरस्कार परत घ्यावा.) त्या नटानं स्टेजवर रडत रडत आईचे आभार मानले. आई पुढच्याच रांगेत, एसीत कुडकुडत बसलेली. मनकर्णा म्हणाली, आभार राहू दे, आधी अंगावरची शाल दे तिला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मी तर म्हणतो, तो सोहळा खरा आमच्याच खोलीत चालला होता.

बाकीच्या बक्षिसांबद्दलही माझी मतं आहेत, ती थोडक्यात कळवतो, कारण या घरात सध्या माझ्या मतांना विरोध करणारं कुणी नाही आणि विरोध नसला की मत सांगण्यात गोडी राहत नाही. उत्कृष्ट गीताचं बक्षीस ज्या गाण्याला मिळालं त्यात शब्दांपेक्षा हुंकारच जास्त आहेत. ते गीतकाराला न देता गवयाच्या घशाला द्यायला हवं होतं. उत्कृष्ट संकलनाचं बक्षीस मी आमच्या गावच्या लाईटीला देईन. नाच सुरू झाला की ती जायची आणि बक्षीस सुरू झालं की यायची, इतकी नेमकी काटछाट कुणाला जमणार आहे? जीवनगौरव मिळालेल्या म्हाताऱ्या नटाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. माणूस लाखातला. पण त्याचं भाषण संपेना, आणि खाली बसलेली त्याची बायको हातानं "आवरा, आवरा" असं खुणावत होती. तो तिकडं न बघता बोलत होता, पण अधूनमधून घाबरून तिकडंच बघत होता. मला गलबलून आलं. तो गौरव मी दोघांत वाटून दिला असता.

आता मूळ विषयाकडं येण्याआधी त्या शूटिंगचं सांगायला हवं, कारण तुम्हाला ते मनकर्णाकडून कळलं असणार आणि तिनं स्वतःची बाजूच सांगितली असणार. त्या लोकांना आमची गच्ची आवडली, कारण मागं सबंध किल्ला दिसतो. ते आले तेव्हा गच्चीवर जुन्या लुगड्यावर मनकर्णाच्या कुरडया वाळत होत्या. डायरेक्टरनं हात जोडून सांगितलं, मावशी, या काढू नका, फार सुंदर दिसतात. मनकर्णा एवढी हरखली, की तिनं पन्नासएक माणसांना चहा केला. (माझ्याशी लग्न झाल्यापासून तिच्या कुरडयांना सुंदर म्हणणारा हा पहिलाच पुरुष. मी नुसताच खात आलो.) पण सिनेमावाल्यांचं एक शास्त्र आहे, त्याला कंटिन्युइटी म्हणतात. आज जे जिथं दिसलं ते उद्याही तिथंच आणि तसंच दिसायला हवं. आता कुरडई ही उन्हात राहून तशीच कशी राहील? ती आक्रसते, पांढरी पडते, तिला उलटावं लागतं. मनकर्णानं संध्याकाळी सगळ्या उलटल्या. सकाळी एक पोरगी मोबाइलवरचा फोटो हातात धरून गच्चीवर रडायला लागली, की ही इथली कुरडई तिकडं कशी गेली. मग मनकर्णानं पुन्हा गहू भिजवला, पुन्हा चीक हाटला, आणि फोटोत बघून बघून एकेक ओली कुरडई जुन्या जागेवर घातली. सीन काही संपेना. पुन्हा तेच. उन्हाळाभर घरात आंबलेल्या गव्हाचा वास होता, आणि खायला कुरडई एकही नव्हती.

शेवटी कॅमेऱ्याची गाडी ढकलणारा एक जण बुटासकट त्या लुगड्यावरून चालत गेला. मग मनकर्णानं कमरेला पदर खोचला. काय बोलली ते मी शब्दशः देतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

"पाय हायेत का खांब? चीक हाटून हाटून माझे खांदे गेले, आन तुमी बुटासगट वरून चालू ऱ्हायले? मोकळी जागा दिसली म्हणून तुमची झाली व्हय? हात लावायच्या आदी हात भाजून बघा."

गच्चीवर चिटपाखरू हललं नाही. छत्रीखाली एक चष्मेवाला काटकुळा माणूस मोबाइलवर बोटं चालवत बसला होता, तो तेवढा हलत होता. मला वाटलं बिचारा घरी निरोप पाठवतोय, म्हणून मी त्याला स्वतःच्या हातानं लिंबूसरबत नेऊन दिलं. तो संवादलेखक होता.

आता सोहळा. उत्कृष्ट संवादाचं बक्षीस "सावलीचा सातबारा"ला जाहीर झालं आणि पडद्यावर नमुना म्हणून एक प्रसंग दाखवला. नायिकेच्या अंगणात जमीन मोजणारी माणसं शिरलीत. ती कमरेला पदर खोचते. आणि वहिनी, पाय हायेत का खांबपासून सुरू. चिकाच्या जागी माती घातलेली, बाकी सगळं तेच, तोच हात कमरेवर, तीच मान. शेवटचं वाक्य आलं, हात लावायच्या आदी हात भाजून बघा, आणि मुंबईतला सगळा हॉल उभा राहिला. रूपाली ओरडली, "मम्मी, हे तर तुमचंच आहे ना!" सगळी गल्ली मनकर्णाकडं वळली. तिकडं तो काटकुळा माणूस बक्षिसाची सोनेरी बाहुली हातात घेऊन सांगत होता, की हे वाक्य मला एका संध्याकाळी समुद्राकडं बघत असताना सुचलं. (समुद्रावर कुरडया कोण वाळत घालतं, हा माझा त्याला जाहीर प्रश्न आहे.) लगेच त्याच प्रसंगासाठी नायिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री केलं. तिनं डायरेक्टरचे, लेखकाचे, रंगभूषाकाराचे आणि मराठवाड्याच्या मातीचे आभार मानले. मातीचे मानले, वहिनी. मातीनं त्यांना चहासुद्धा दिला नव्हता.

मनकर्णा खुर्चीतून उठली. "कुरडया गेल्या त्या गेल्या," ती म्हणाली. "बोलणं बी मला इचारल्याबिगर नेलं." एवढं बोलून आत जाऊन दूध तापवायला लागली. ते तिचं शेवटचं बोलणं.

नायिकेच्या अभिनयाबद्दल माझं एकच म्हणणं आहे. शेवटचं वाक्य बोलून ती रडली, तिथं चुकली. मनकर्णा बोलून झाल्यावर रडत नाही. त्या दिवशी ती खाली गेली आणि ज्यांना झापलं त्या सगळ्यांसाठी पुन्हा चहाचं आधण ठेवलं, आणि त्या बूटवाल्याला आधी दिला. तेवढं सिनेमात घ्यायला कुणाला सुचलं नाही.

तर तेव्हापासून ही शांतता. पहिल्यांदा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चहा वेळेवर, भाकरी गरम, वर काही नाही. पण मग थंडी सरता सरता एके दिवशी मी संभाजीनगरला बँकेत गेलो, रांगेत उभा राहिलो, साहेबाशी बोललो, परत येताना क्रांती चौकात उसाचा रस प्यायलो, आणि घरी आल्यावर रूपाली म्हणाली, पप्पा, स्वेटर उलटा घातलाय. म्हणजे मी उलट्या स्वेटरात दारातून बाहेर पडलो आणि मनकर्णा दारातच उभी होती. वहिनी, त्या दिवशी मला धसका बसला. माझं काय काय चुकतंय हे मला कधी कळतच नव्हतं, ते ती सांगायची म्हणून कळायचं. आता मी दिवसभर अंदाजानं वागतो.

मीच नाही, सगळी गल्ली बावरली आहे. भाजीवाले शब्बीरभाई एकदा किडकी वांगी देऊन गेले, काही झालं नाही. पुन्हा देऊन गेले, तरी काही नाही. शेवटी चांगली वांगी घेऊन आले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "चाची की तबेत बराबर नै क्या?" शाळेतल्या पोरी मात्र रस्त्यानं जाताना ते वाक्य नायिकेच्या थाटात म्हणतात आणि कमरेवर हात ठेवून व्हिडिओ काढतात. मनकर्णा खिडकी लावून घेते. पर्यटकांना रिक्षावाले आमची गच्ची दाखवतात. सगळ्यांच्या तोंडात तिचं बोलणं आहे, एक तिच्याच तोंडात नाही.

मी उपाय केले नाहीत असं नाही. ओला टॉवेल गादीवर टाकला. तिनं उचलून वाळत घातला. डाळीत चोरून मूठभर मीठ घातलं. तिनं गुपचूप खाल्लं, मलाही खावं लागलं, आणि रात्रभर पाणी पीत मी एकटाच जागा. आकाशनं तर सुटीच्या दिवशी सांगितलं, की वकील करू, त्या लेखकावर केस टाकू. तिनं नुसता हात हलवला. बक्षीस तिला नकोच आहे. एकदा मी मन घट्ट करून जेवताना म्हणालो, काही म्हणा, कुरडया खाव्या तर सिल्लोडच्या, वहिनींच्या हातच्या. वहिनी, तिचा घास हातात थांबला. ओठ हलले. मला वाटलं आता येतं, आता येतं. पण तिनं घास गिळला आणि ताट घेऊन उठली.

आणि आता खरी काळजी. उन्हं तापली आहेत, शेजारीपाजारी सगळ्यांचे गहू भिजले, गच्च्या पांढऱ्या झाल्या. आमचा सोऱ्या अजून माळ्यावरच आहे. मनकर्णानं यंदा गहू भिजत घातलेला नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून एकही उन्हाळा असा गेला नाही. घर खायला उठतं, वहिनी. मला बोलणी खायची सवय आहे, उपाशी राहायची नाही.

असो. पुरस्कारांबद्दल माझी मतं कळवण्यासाठी हे पत्र लिहिलं, ती कळवली. दादांना औषध वेळेवर द्यावं. पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा,
साहेबराव

ता. क. : मतांसाठी कुणी एवढं लांब पत्र लिहीत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. वहिनी, तुम्ही इकडं या आणि तिच्याशी भांडा. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही. गुडघा दाखवायला शहरात आले होते असं सांगा, मी बोलावलं हे सांगू नका. आल्या आल्या चहा फिका आहे म्हणा. मग गच्चीवर जाऊन मोठ्यानं विचारा, की यंदा कुरडया घातल्या नाहीत का, बरं झालं, तशाही फुलत नव्हत्या. पुढचं तिचं ती बघेल. मला मध्ये ओढू नका, म्हणजे ओढलंत तरी चालेल. येताना दादांसाठी घरात जिलबी ठेवून येऊ नये.

ता. क. दुसरा : हे लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो. ज्या वाक्यावर मुंबईचा हॉल उभा राहिला ते मुळात तुमचं आहे. तुमच्या लेकीच्या, राजनंदिनीच्या लग्नात सिल्लोडला मनकर्णानं तुमच्या दुरडीतली एक कुरडई मोडून पाहिली, तेव्हा चारचौघांत तुम्ही तिला म्हणालात, हात लावायच्या आधी हात भाजून बघ. ती त्या रात्री जेवली नाही, पण वाक्य घरी घेऊन आली आणि तेव्हापासून मी पातेल्यावरचं झाकण उचललं की मला ऐकवत आली. तेव्हा न्यायानं त्या बाहुलीवर तुमचं नाव पाहिजे होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. तेवढी छाती नाही.

ता. क. तिसरा, मनकर्णा लिहिते : जाऊबाई, जयभीम. हे या कागदावर चष्मा ठेवून भाकरीला उठले. चष्मा द्यायला म्हणून उचलला आन सगळं वाचलं. लई खोटं लिव्हलंय. मी मुकी झाले नव्हते, मला बोलायचा कटाळा आल्ता. मीठ मला पहिल्याच घासाला कळलं होतं. स्वेटर उलटा हाय हे बी दिसलं होतं, मुद्दाम जाऊ दिलं. आता मुद्द्याचं ऐका. ते वाक्य तुमचं नाय. राजनंदिनीच्या लग्नात तुमी म्हणल्या, व्हय. पर त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तुमच्याच वसरीत तुमी माझ्या सोऱ्याला हात लावला, तवा मी ते तुमाला म्हणले होते. थोरले भाऊजी तिथंच बसले होते, त्यांना इचारा, साखर वाढली म्हणून कुणाची आठवण जात नाय. त्या समुद्रावाल्यानं नेलं ते नेलं, तुमाला नाय नेऊ द्यायची. सोऱ्या माळ्यावरून काढलाय. गहू आज भिजत घातला, चीक निघायच्या आत या. तुमचा सोऱ्या आणू नका, त्यानं जाड पडत्यात. नुसत्याच या, हात भाजायला.